पंगतीआधीची तक्रार

तीर्थरूप दादांना बजाजनगरहून मुंजाबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा आटोक्यात असेल, असं धरून चालतो. मेंढरांना खुरकत आल्याचं कळलं, जपा. इकडं सगळे ठीक. मी ठीक नाही, पण त्याचा तब्येतीशी संबंध नाही.

झालं असं, की कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या आकाशच्या फोनवर एक गेम चालू होता. त्यात शेतमालक एका मेंढपाळाला काठीनं मारतो आणि ‘चोरट्या जातीचा’ म्हणतो. माझं टाळकं सरकलं. आता आपल्या माराचाही लोक खेळ करायला लागले! आकाश म्हणाला, "काका, पुढचं बी बघा की." मी बघितलं नाही. (मी पुढचं बघत नाही, हे तुम्ही लहानपणापासून सांगत आलात.) तक्रार कुठं करायची, तेवढं त्याच्याकडून शिकलो. दुसऱ्या दिवशी सर्जेरावाच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथं मी जाहीर केलं, की फोनमधल्या गेमांच्या दुकानाकडं तक्रार केल्याशिवाय कुणी पंगतीला बसायचं नाही. गरम बुंदीचा वास सुटलेला, त्यामुळं समाजात इतकी एकी मी पहिल्यांदा पाहिली. मेंढवाड्याच्या दारात मेंढरं मोजतो, तशी दोन-दोन माणसं मोजून आत सोडली. एकशे बारा तक्रारी झाल्या. (बानाबाईनं चुकून हवामानाच्या अ‍ॅपविरुद्ध केली. तीही खोटी नव्हती.) चार दिवसांत दुकानानं गेम काढला. मी पेढे घेतले आणि क्रांती चौकाजवळ आपल्या रूपाच्या खोलीवर गेलो.

तुमच्या लेकीनं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाली, "काका, गेम माझाच व्हता." नोकरी सांभाळून तीन वर्षं खपली होती त्यावर. पुढं तोच मेंढपाळ भर पंचायतीत मालकाला माफी मागायला लावतो. दादा, तो मेंढपाळ तुम्ही आहात. हर्सूलपलीकडच्या रानात तुम्ही मार खाल्लात, त्याची माफी कुणी मागितली नाही. ती तुमच्या पोरीनं मागायला लावली, आणि मी ती बंद पाडली.

दुकानानं घाण ठेवू नये, हे माझं मत अजून तेच आहे. पण शिवी हिणवायला घातली की साक्षीला, हे तक्रारीच्या बटणाला कळत नाही. मलाही कळलं नाही. लई लाज वाटते.

तुमचा धाकटा,
मुंजाबा

ता. क. दुकान म्हणतं, शिवी आणि मार काढला तर गेम परत ठेवू. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. रूपा म्हणते, मार आबांनी खाल्ला, तर आबांनीच ठरवावं. पत्र खरं तर यासाठीच. गावाकडं निघालेल्या कारभारीच्या हाती पाठवतोय, त्याच्याच हाती उत्तर द्या.

आणखी एक. काल रूपाच्या कॉम्प्युटरवर मी गेम शेवटपर्यंत खेळलो. तुम्हाला मारताना मागं मेंढरांत पिवळ्या पटक्याचा एक तरणा गडी खाली बघत उभा असतो. कितीही बटणं दाबली तरी तो पुढं येत नाही. रूपाला मी काही विचारलं नाही. शिवीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण त्याला काढू नको म्हणावं. मी तसाच उभा होतो.