माळ चुकली म्हणून

दोरोता,

आधी हे वाच: हान्या सुखरूप आहे, तिच्या बाबाजवळ झोपलीय. दुपारी लिंकन पार्कात ईस्टरची अंडी शोधताना ती दिसेनाशी झाली. मी हाका मारत तळ्याभोवती धावले. ती चेरीच्या झाडामागे माझी जपमाळ घेऊन बसली होती. हाका ऐकू येत होत्या, पण जप करताना बोलायचं नाही, हे मीच शिकवलेलं! वर मलाच म्हणते, "आजी, ओरडू नकोस ना, माझे मणी चुकले!" आता तिला सांगितलंय, घरच्यांनी हाक मारली की देव थांबतो.

झुरेकचं सूप शेगडीवर आहे. मी चर्चमध्ये आभार मानायला गेलेय. रागाव हवं तर, पण रविवारी आम्हाला परत बागेत जाऊ दे.

आई