लाल निशाणाचा गिलास

अर्पिता,

तुले पाह्याले पाहुणे यायच्या आंधी मी वणीले मावशीकडे चालली. वहिनीले टीबी हाय हे समजलं तं सोयरीक मोडन, असं आई म्हणतात. पोह्याचा कांदा तूच चीर. मी चिरलेला आई फेकून देतात. आता माह्यापासून कोणाले होत नाही असं डॉक्टरनं सांगितलं, तरी माह्या गिलासावर आईनं लावलेलं लाल नेलपॉलिशचं निशाण तसंच हाय. तो पिठाच्या डब्यामागं लपवला. पाहुण्यायपुढं नको नेऊ.

अन् अर्पे, न्हाणीत नळ सोडून तू खोकलते, ते मले आयकू येते. उद्या मी वणीहून वापस आली का माह्यासंग दवाखान्यात चाल. तुह्या गिलासावर मी कोणाले निशाण लावू देत नाही.

— वहिनी