बटरकपच्या डब्याची तयारी

५ फेब्रुवारी १९६१, रविवार
रविवारी सकाळी मागच्या पायरीवर आम्ही दोघं बसायचो. भगवंतराव कूर्गचं संत्रं सोलायचे. फोडी मला, साल आमच्या घोडीला, बटरकपला. ती मान लांब करून त्यांचा खिसा हुंगायची. बोलणं विशेष काही नसायचं. मानसिंग मोतद्दार बादली घेऊन मागे उभा असायचा, पण त्याला काही आम्ही आमच्यात मोजायचो नाही. भगवंतरावांना, आमच्या यांना, जाऊन तीन वर्षं झाली. आज संत्री आणली नाहीत.

बंगला विकला. जयनगरच्या नव्या घरात तुळशीला जागा आहे, घोडीला नाही. बटरकप धाकट्या दिरांच्या, विठोजींच्या, आनेकलच्या मळ्यावर जाणार. त्यांनी लष्करी लिलावातून घोडा न्यायचा ट्रेलर आणलाय. जीपमागे जोडायचा. म्हणाले, वहिनी, फळ्या मजबूत आहेत, खाली काहीतरी खरखरीत अंथरलं की झालं.

पुरुषांना एवढंच सुचतं. बावीस वर्षांची नाजूक घोडी! डबा मी स्वतः तयार करणार. २६ तारखेला निघायचं. संकल्प: कुणाचा सल्ला घ्यायचा नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार
जुन्या ट्रंकेत बोर्डिंगची यादी सापडली. नवव्या वर्षी कॉन्व्हेंटला निघाले तेव्हा मदर सुपीरियरनी पाठवलेली. ब्लँकेट दोन, पडदे, आरसा एक, प्रत्येक वस्तूवर नाव. ही यादी पाळून मी सात वर्षं सुखरूप राहिले. बटरकपलाही हीच चालेल. (पहिलं वर्षभर रोज रडले, पण ते यादीमुळे नव्हे.)

दुपारी चिकपेटच्या बाजारात. पडद्यांसाठी फुलाफुलांचं निळं चीट, आरसा, आणि खाली जमिनीला ठोकायला छान गुळगुळीत लिनोलियम घेतलं. येताना जटक्यांच्या, भाड्याच्या टांग्यांच्या, तळावर मानसिंग दिसला. एका जटकेवाल्याशी कुजबुजत होता. मला पाहताच सलाम केला. नको इतका वाकून.

जटकेवाल्याशी याचं काय काम? बटरकपला जटक्याला जुंपायला विकणार हा. उगाच संशय घेण्याचा माझा स्वभाव नाही. पण डोळे उघडे ठेवायला हवेत.

१२ फेब्रुवारी, रविवार
सुताराने लिनोलियम ठोकलं. तोंड दिसावं असं चकाकतं. खिडक्यांना बाहेरून फळ्या, आतून पडदे. वाऱ्याने सर्दी नको. ब्लँकेटच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने नाव काढलं: मिस बटरकप.

मानसिंग बघायला आला. म्हणाला, बाईसाहेब, घोडीला हवा लागते, बाहेर दिसावं लागतं, पाय रोवायला जमीन लागते. मी म्हटलं, घोडी कुणाची? तो म्हणाला, जी. हे 'जी' त्याने कोणत्या अर्थाने म्हटलं, त्याचा रात्री जेवताना विचार केला.

जाऊबाई जमना म्हणाली, अहो अक्का, स्वल्प जास्तच होतंय हं, माझ्या लेकीच्या पाठवणीला एवढं नव्हतं. मत्सर. तिचा डोळा निळ्या चिटावर आहे.

१५ फेब्रुवारी, बुधवार
आरसा गायब! तबेल्यात सापडला, गोणपाटात गुंडाळलेला. मानसिंग म्हणे, आत आधीच दुसरी घोडी उभी आहे असं वाटून ती बिचकेल. सबब तयारच होती. आरसा स्वच्छ पुसलेलाही होता. विकायचा नसता तर पुसला कशाला असता?

१९ फेब्रुवारी, रविवार
कारस्थान वाढतंय. डाव्या खिडकीची फळी काढलेली. बटरकपने धडपडू नये म्हणून बांधायची दोरी मी आखूड केली, तर हा लांब करून ठेवतो.

आज दुपारी झोपेचं सोंग घेतलं आणि पडद्याआडून पाहिलं. मानसिंग लिनोलियमवर गोणपाट अंथरून ट्रेलरमध्ये उकिडवा बसला होता. हातात भिजवलेले हरभरे. बेटी, बेटी, आजा, असं म्हणत बटरकपला एकेक पाऊल आत बोलावत होता. ती जात होती! पळवून नेण्याची रंगीत तालीम. आणि बेटी काय? तिचं नाव बटरकप आहे. मी ठेवलंय.

२० फेब्रुवारी, सोमवार
तबेल्याला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. दुपारभर बटरकप आतून दाराला लाथा मारत होती. माझी आठवण येत असणार. मानसिंग बाहेर दाराला पाठ लावून बसला होता.

विठोजींना सांगितलं, मळ्यावर दुसरा मोतद्दार बघा, मानसिंग जाणार नाही. ते म्हणाले, अहो वहिनी, दादांच्या आजारपणात घोडी चार दिवस चारा खाईना, तेव्हा तो तबेल्यात झोपला होता. मी म्हटलं, ते तेव्हा. विठोजी सरी सरी, बरं बरं, म्हणाले आणि टोपी घालून गेले.

२५ फेब्रुवारी, शनिवार
सर्व सज्ज. फळी पुन्हा ठोकली, आरसा पुन्हा लावला, दोरी आखूड. पडद्यांवर लॅव्हेंडर शिंपडलं. असा डबा म्हैसूरच्या राजवाड्यातही नसेल.

२६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ७. जीप आली. मानसिंगला फाटकाबाहेर काढून कुलूप घातलं.

७.४०. बटरकपने ट्रेलरच्या उतरत्या फळीवर एक पाय ठेवला, आरशात पाहिलं, मागे फिरली. बोर्डिंगच्या पहिल्या दिवशी मलाही असंच झालं होतं.

८.१५. गूळ दाखवला. गूळ खाल्ला. चढली नाही.

९. चढली! पुढचे दोन्ही पाय लिनोलियमवरून सरकले आणि ती गुडघ्यांवर आपटली. गुडघ्यातून रक्त. विठोजी ओरडले, वहिनी, बाजूला व्हा! ती थरथरत होती. मी बटरकप, बटरकप म्हणत होते. तिचा कानसुद्धा हलला नाही.

९.०५. फाटक कुणीतरी उघडलं. किल्ली माझ्याकडेच होती.

मानसिंग आत आला तो खांद्यावर काथ्याची जाड वळकटी घेऊन. जटकेवाल्याकडून मागून आणलेली. त्या दिवशी कुजबुज चालली होती ती याचसाठी. त्याने आधी तिचा गुडघा धुतला. लिनोलियमवर काथ्या अंथरला, फळ्या काढल्या, आरसा उतरवला, दोरी सैल केली. मग बेटी म्हणाला आणि पाठ फिरवून आत गेला. ती त्याच्या मागोमाग गेली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

जीपमध्ये विठोजींच्या शेजारी एकच जागा होती. मी म्हटलं, मला गाडी लागते, मानसिंगला बसवा. आजपर्यंत कधी लागली नव्हती.

संध्याकाळी ५. पोचल्याचा फोन आला. घोडीने चारा खाल्ला.

आता उरलेल्या सामानाचं. निळं चीट जमनाला, तिचा डोळा होताच. डब्याच्या भिंतींसाठी शिवून घेतलेल्या गाद्या लावायच्या राहूनच गेल्या, त्या जटकेवाल्याला, काथ्याच्या बदल्यात. लिनोलियम कुणालाही देऊ नये. आरसा माझ्याकडेच राहू दे. ब्लँकेट बटरकपला, नाव काढलेलं असलं तरी. घोडी मानसिंगला. विठोजींनी तसं लिहून द्यावं, तोंडी नको. आणि दर रविवारी मळ्यावर एक संत्रं पोचवावं. साल तिला. फोडी मानसिंगला. पायरीवर बसून खा म्हणावं, उभ्याने नको.