बारक्या पावसाचं मोठं नाव

आबा, आज सकाळपासून टीव्हीवर नुसती ढगफुटी चालू आहे. मोहोळला ढगफुटी, बार्शीला ढगफुटी, आणि इथे जुळे सोलापुरात आमच्या खिडकीवर पडतोय तो पाऊसही ढगफुटीच. तुमची नात मोहोळला नोकरीला असते, स्कूटरवर जाऊन येऊन करते. निघताना तिचा फोन आला तेव्हा म्हटलं, "थांब तिथंच, ढगफुटी सांगतायत." ती हसली. "आई, तूच म्हणतेस ना, यांची रोजच असते." तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. पेपर तपासायला घेतलेत, पण एकच उत्तर पुन्हा पुन्हा वाचतेय, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

लहानपणीचं आठवतंय. आपली मेंढरं कुणाच्या तरी रानात खताला बसलीयेत. मी शाळेतून नवा शब्द शिकून आलेय, आणि चार थेंब पडताच ओरडते, "आबा, ढगफुटी!" तुम्ही माझ्या डोक्यावर घोंगडं टाकता. "ढग काय पाण्याची कातडी पखाल हाय व्हय फुटायला? बारक्या पावसाला लई मोठं नाव दिऊ नगं. मोठा आला की काय म्हनशील?" पुढे भूगोलाची बाई झाल्यावर कळलं, हा शब्द पखालीच्याच समजुतीतला. ढगात पाणी कोंडलेलं असतं, डोंगराला थटला की तो फुटतो, असं जुन्या लोकांना वाटायचं. आता अर्थ एवढाच, की थोड्या जागेवर तासाभरात दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. हे शिकवताना मी बातमीवाल्यांची नक्कल करते, वर्ग हसतो. घरीही करते. लेक ती नक्कल ऐकतच मोठी झाली. टीव्हीवाल्यांचा राग येतोय, आणि माझा त्याहून जास्त.

आता बाहेर विजाही सुरू झाल्यात. वीज कडाडली की तुम्ही पालाबाहेर कुऱ्हाड टाकायचात. लोखंड बघून ती बाजूनं जाते म्हणायचात. असं काही नसतं, म्हणून मी तुमच्याशी किती भांडायचे.

इथे बेल वाजली आणि लिहिणं राहिलं. दारात ती उभी, नखशिखांत भिजलेली, ओठ निळे पडलेले. म्हणाली, "पुलाच्या अलीकडं रस्ताच दिसंना. एका ट्रकवाल्यानं केबिनमध्ये बसवून घेतलं, स्कूटर तिथंच हाय. आई, आज खरंच ढगफुटी होती गं." मी तिला टॉवेल दिला, रागावले, मग रडले.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला आलेली पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवायचे. आता ती स्वयंपाकघरात लोखंडी तवा शोधतेय. मी म्हटलं, भाकरी राहू दे, आज भातच लावू. तवा गॅलरीत पावसात पडलाय, आबा. तिचा फोन लागेना तेव्हा मीच टाकला.