वैद्याच्या बाजूनं

नानजिंग,
७ सप्टेंबर २००८

ती. जयाआत्यास,
दिशाचा वाकून नमस्कार. घरातल्या बाकी थोरांचे नमस्कार तुझ्याच हातून पोचते कर.

सुखरूप पोचले. होस्टेलची खोली तीच, बेसिनचा नळ तसाच गळका. दुसऱ्या वर्षाची डॉक्टरकीची पुस्तकं अजून उघडलीच नाहीत, पण ते आईला सांगू नकोस. फोनवर तुझ्याशी धड बोलताच येत नाही. बाबा स्पीकर लावतात, आई मागून जेवलीस का विचारते आणि तू नुसती हसतेस. म्हणून हे पत्र, फक्त तुझं.

आता मुद्द्याचं. माझ्या कपाटात रजयांच्या खाली एक लाल डबा आहे. त्यात इथल्या एका सिरियलच्या डीव्हीडी आहेत, ‘नऊ दिव्यांचा महाल’. जुन्या राजवटीतली गोष्ट. सुट्टीत तुला दाखवणार होते, पण भातलावणी आणि पाहुणे यांतच सुट्टी संपली. रुओलान ही महालातले दिवे लावणाऱ्याची मुलगी. धाकटा राजपुत्र यिंग तिच्यावर जीव टाकतो. राजवैद्य शेन मो पण आहे मध्ये, तो नुसता औषधं कुटत बसतो. मी राजपुत्राकडची, आधीच सांगून ठेवते. इथे अर्ध्या मुली त्याच्यापायी जेवण विसरतात. आणि आत्या, ते कपडे! त्या बाह्या बघून तू शिलाई मशीन सोडून उठशील.

बोलणं चिनी आहे, पण खाली इंग्रजी अक्षरं येतात. आपल्या मागच्या खोलीत नवे भाडेकरू आलेत ना, परभणीचे दयानंद सर, पिरंगुटच्या कारखान्यातले सुपरवायझर? बाबा म्हणत होते ते इंग्रजी पेपर वाचतात. त्यांना विचार.

बघ आणि लगेच लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दिशा


पौड,
९ ऑक्टोबर २००८

चि. दिशा हिला,
आत्याचे वंजळभर आशीर्वाद.

हितं समदी खुशाल हायेत. तुजं पत्र मशीनच्या खणात ठिवलंय, येता-जाता वाचती.

पोरी, काय देऊन गेलीस तू मला! पैल्यांदा मी आन् वहिनी नुसतं चित्रं बघत बसलो. काय कळंना, पन डोळं हटंनात. वहिनी म्हनली, ही पोरगी बोलती का गाती? मंग दादाच म्हनला, सरास्नी बलवा की. तवापासनं सर कामावरनं आले, चा झाला, की दाराजवळच्या खुर्चीवर बसत्यात आन् खालचं समदं मराठीत सांगत्यात. त्येंची बोली परभणीची. त्यामुळं चीनचा बादशा बी चिडला की ‘काय करायलास रे’ म्हनतुया. आमी हसून हसून लोळतो. लाईट गेली तर कोन उठत न्हाई. आंधारात सर सांगत्यात, म्होरं काय हुईल आसं त्येन्ला वाटतंय. शेजारची सुलक्षणा बी येती. तिला रुओलानसारख्या बाह्या पायजेत. म्हनलं, शिवून देती, पन भाकरी थापताना चुलीत गेल्या तर माज्याकडं येऊ नको.

आता तुला सांगती. तू म्हनतीस वैद्य नुसता औषिद कुटतो. अगं, नीट बघ. रुओलानचा हात भाजला तवा तुजा राजपुत्र महालभर वरडत हिंडला. वैद्यानं काय केलं? तिच्या आधी जाऊन समद्या दिव्यात तेल भरून ठिवलं, म्हंजी तिला जड बुधला उचलाया नको. कुनाला सांगिटलं न्हाई. तिला सुदीक कळलं न्हाई. आसं मानूस म्होरं आसताना त्या झगेवाल्याच्या मागं काय लागायचं? वहिनी राजपुत्राकडची. काल ह्याच्यावरनं भांडलो आन् भाजीत मीठ दोघींनी बी घातलं.

सरास्नी इचारलं, तुमी कुनाकडं? म्हनले, मी वाचणारा, मला पक्ष न्हाई. पन वैद्य आला की आवाज बदलतुया त्येंचा. चष्मा काढून पुसत्यात. लग्न केलं न्हाई त्येंनी, धाकटी भावंडं शिकवता शिकवता ऱ्हाऊन गेलं म्हनत व्हते.

डबा संपत आलाय. म्होरलं लौकर धाड. जीव हाय तसाच आसू दे आमच्यावर.

तुजी आत्या,
जया


नानजिंग,
२ नोव्हेंबर २००८

वैद्यपक्षाच्या पुढारी ती. आत्याबाई यांस,
विरुद्ध पक्षाकडून सादर नमस्कार.

आत्या, खुर्चीवर नीट बसून वाच. तू चीनमध्ये गाजते आहेस.

माझी इथली मैत्रीण लिन या सिरियलची वेडी आहे. इंटरनेटवर अशा वेड्यांचा एक अड्डा आहे, तिथे राजपुत्रवाल्या आणि वैद्यवाल्या रोज भांडतात. लिन तुझ्या पक्षाची. तिला मी तुझं तेलाचं सांगितलं तर ती कॅन्टीनमध्ये किंचाळलीच. तिने ते चिनीत लिहून तिथे टाकलं आणि खाली नाव घातलं ‘भारतातली आत्या’. सकाळी बघतो तर पानंच्या पानं उत्तरं. त्या तेलाकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. एका बाईने लिहिलंय, तिने तो भाग परत लावला आणि नवऱ्याला हाताला धरून समोर बसवलं. राजपुत्रवाल्यांची पार दाणादाण उडाली. मला माझ्याच आत्याने हरवलं. लायब्ररीत एकटीच हसत होते, तर शेजारची मुलगी उठून दुसरीकडे बसली.

आता तिथे सगळ्या विचारतात की वैद्याने रुओलानला मनातलं सांगावं की नाही. भारतातल्या आत्याचं मत आल्याशिवाय वाद मिटणार नाही म्हणतात. लवकर कळव. पुढचा डबा पुण्याला येणाऱ्या एका सीनियरबरोबर पाठवते आहे.

अजून एक. तुझं पत्र मी लिनला जमेल तसं सांगत होते. ती मध्येच थांबवून विचारते, यातला शेन मो कोण आणि तुमच्या घरचे सर कोण, दोघांचं इतकं सारखं कसं? मी राजपुत्र सोडणार नाही, पण या बाबतीत लिनचं आणि माझं एकमत आहे. रागावू नकोस. रागावलीस तरी लिहायची थांबू नकोस.

तुझी लाडकी शत्रू,
दिशा


पौड,
२१ डिसेंबर २००८

चि. दिशास,
आशीर्वाद.

डबा पोचला. उघडला न्हाई.

सर आता हितं नसत्यात. यष्टी स्टँडवर कुनीतरी दादाला हटकलं, तुमच्या भनीला सांजचा मास्तर बरा घावलाय म्हनून. दादा घरी आला तो जेवलाच न्हाई. सकाळी सरास्नी म्हनला, खोली आमाला पायजे. सरांनी कारन इचारलं न्हाई. पिरंगुटला खोली बगितली आन् गेले. जाताना ती दाराजवळची खुर्ची उचलून भितीला लावून ठिवली त्येंनी. माज्याकडं बगितलं न्हाई.

दादाचं तरी काय चुकलं. तुजे मामंजी, माजे मालक, गेले तवा मी कवळी व्हते. मला घरी आनली, कदी वाकडा शबुद बोलला न्हाई. त्येला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, माज्यामुळं.

वहिनीनं एकदा पैल्या डब्यातली सिरियल लावली व्हती. ती आन् सुलक्षणा अंदाजानं बघत बसल्या. मी उठून मशीनवर बसले. लगीनसराई हाय, ब्लाउजांचा ढीग पडलाय. सिरियल आर्धी ऱ्हायली येवढंच वाईट वाटतं, बाकी काय न्हाई.

त्या चीनच्या बायास्नी सांग, आत्याला सवड न्हाई.

जया


नानजिंग,
११ जानेवारी २००९

ती. आत्यास,
नमस्कार, आणि तुझ्या कुशीत डोकं.

तुझं पत्र वाचून मी शरीरशास्त्राचा तास बुडवला. मी थट्टा करत बसले आणि तुझ्यावर तिकडे हे आलं.

मी लहान आहे, पण सरळ विचारते. सिरियलचे डबे मी आणखी पाठवू शकते. इंग्रजी वाचून दाखवणारं दुसरंही कुणी मिळेल, पौडच्या कॉलेजातली मुलं आहेत. त्यांतलं कुणी आलं तर तू बसशील का बघायला? नाही म्हणालीस तर वाईट सिरियलचं वाटत नाहीये.

आत्या, माझ्या आठवणीत तू कायम कुणाच्या तरी कामात. माझं दप्तर, आजोबांचं आजारपण, आईचं ऑपरेशन. ऑक्टोबरच्या पत्रात मी पहिल्यांदा तुला स्वतःशी हसताना ऐकलं. ते पत्र मी उशीखाली ठेवते.

तू सांगितलंस तर मी बाबांशी फोनवर बोलेन, ते रागावले तरी चालेल. तू सांगितल्याशिवाय एक अक्षर काढणार नाही. लिनने अड्ड्यावर इतकंच लिहिलं की आत्याला बरं नाही. इतक्या जणींनी तब्येत विचारली की ती रडायला लागली.

उत्तर नाही दिलंस तरी मी तुझीच.

दिशा


पौड,
१५ मार्च २००९

चि. दिशा,
आईचा आशीर्वाद. आत्याचं पत्र म्हनून फोडलं आसशील तर नाराज हू नको, ती कामात हाय. मीच लिवती.

तू तिला काय लिवलं मला ठाव न्हाई. ते पत्र वाचून ती दोन-चार दिस मशीनवरनं उठली न्हाई. मंग गुरवारी, कारखान्याला सुट्टी आसती त्या दिशी, निळी साडी नेसली. तुजा डबा पिशवीत सुदीक घातला न्हाई, हातात धरला. स्टँडवर समद्यांच्या देखत पिरंगुटच्या यष्टीत बसली. सुलक्षणा पळत सांगाया आली तवा माजा हात पिठात.

दुपारी परत आली. हे वसरीवर बसलेले. तिनं चप्पल बी काढली न्हाई. म्हनली, “दादा, मी सरांकडं जाऊन आले. मीच इचारलं, त्येंनी न्हाई. ते व्हय म्हनले. तुला राग धरायचा तर माज्यावर धर.”

हे म्हनले, “इतकी वर्सं तुला कमी काय केलं?”

ती म्हनली, “काय बी कमी केलं न्हाईस. म्हनून तर सांगून जातीया.”

हे उठून आत गेले. घरात चूल पेटली पन कोन जेवलं न्हाई. दिशा, मी लगीन हून आल्यापास्नं ह्येंच्या शबदाच्या बाहीर न्हाई, तुला ठाव हाय. पन त्या दिशी बोलले. म्हनलं, तुमच्या खोलीत कोन ऱ्हायचं ते तुमी ठरवा, पन ती आजून किती जनींची लग्नाची ब्लाउजं शिवत बसनार? स्टँडवरच्या लोकांना मी बगते. हे न्हाई म्हनले न्हाईत.

लगीन पुण्यात झालं, सरकारी कचेरीत. मी, सुलक्षणा आन् सरांची बहीन, तिघींनी सह्या केल्या. हे आले न्हाईत. माळावरच्या शेतात गेले, दिस मावळस्तवर बांध घालत बसले म्हनं. एकट्यानं.

आत्या पिरंगुटला गेली. मशीन टेम्पोत चढवताना तिला रडू फुटलं, मला बी. घर लई मोठं वाटतंय. तू ह्येंच्याशी फोनवर नेहमीसारखंच बोल, ह्येंचं मन मऊ हाय, वाट सापडंना झालीया.

आन् मी राजपुत्राकडचीच हाय, ते काय बदललं न्हाई.

अभ्यास कर. दूध पी.

तुजी आई


पिरंगुट,
२६ एप्रिल २००९

चि. दिशास,
आत्याचे आन् तुज्या नव्या मामंजींचे आशीर्वाद. चीनच्या समद्या बायास्नी बी त्यातले वाटून दे.

खोली ल्हान हाय, पन मशीनला खिडकी मिळाली. कारखान्यातल्या बायका कपडे शिवाया टाकत्यात. ह्येंना भाकरी थापता येती, माज्यापरीस गोल. मला तर त्येचीच लाज वाटली, आन् मंग लई हसू आलं. सांजचं आमी सिरियल लावतो. आता खुर्ची दाराजवळ नसती.

त्या बायास्नी माजं मत सांग. वैद्यानं सांगावं का न्हाई, ह्याची वाट बघत बसू नगा म्हनावं. तिला तोंड हाय, तिनंच इचारावं. त्या दिशी यष्टीत मला कंडक्टरला तिकिटाचं गाव सांगता येईना. पन इचारलं. हे दारात उभे, हातात धुतलेला सदरा, पानी गळतंय. म्हनले, मला कुनी इचारंल आसं कदी वाटलंच न्हवतं. तो सदरा तसाच हातात धरून ऱ्हायले, वाळत घालायचं सुचंना.

आता गेल्या गुरवारचं सांगायसाठी हे पत्र. दुपारी फटफटीचा आवाज आला. बगते तर दादा. मागं आंबेमोहराचं पोतं बांधलेलं. पोतं आत आनून ठिवलं, पानी प्याला आन् दाराशीच बसला. हे उठून चा ठिवाया गेले. मी मशीनवरचा धागा उगीच काढत बसले. टीव्ही चालूच ऱ्हायला व्हता, आवाज बंद. रुओलान दरबारात गुडघ्यावर बसलेली.

दादा किती तरी येळ तिकडंच बघत व्हता. मंग टीव्हीकडं बघूनच म्हनला, ह्या पोरीला कशापायी बसवलंय तितं?

ह्येंनी चाचा कप त्येच्या हातात दिला, आवाज वाढवला, खाली बसले आन् सांगाया लागले. ती कोन, तिचा बाप कोन, राजपुत्र कोन, वैद्य कोन. दादा मदी मदी इचारायचा. बादशा परभणीचा झाला तवा त्येच्या मिशीत हसू आलं, त्येनं कपात लपवलं. मी त्येच्या मागं बसलेले, माजं रडनं कुनाला दिसलं न्हाई. चा गार झाला तरी दोघांचं चाललंच व्हतं. शेवटची डीव्हीडी तेवढी ऱ्हायली.

उनं कलली तवा दादा उठला. चप्पल घातली. दारातनं वळून ह्येंना म्हनला, “पुडच्या गुरवारी हिच्या वहिनीला घेऊन येतो. तवर म्होरलं लावू नगा, दाजी.”

हे व्हय म्हनले. फटफटी गल्लीतनं वळस्तवर आमी दोघं दारातच उभी व्हतो.

आठवन काढत जा, आमी काढतोच हाय.

तुजी आत्या,
सौ. जया