एक्केचाळिसावा छर्रा

३ मार्च
"कागदाला भोकं पाडायचा पगार कुणी का देईल?" आईने विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि आईचा हा प्रश्न! पण एका कंपनीच्या नेमबाजी संघात एक पगारी जागा आहे. चाचणी अठ्ठावीसला. ती जागा मला हवीच.

९ मार्च
क्लबातले हौशी लोक! चार छर्रे मारायचे आणि तासभर गप्पा हाणायच्या. त्यांची राणी म्हणजे डॉक्टरांची लेक. परदेशी जाकीट, परदेशी बूट, प्रत्येक छर्ऱ्यानंतर खिदळणं. माझं जाकीट बाबांनी त्यांच्या शिलाईच्या दुकानात ताडपत्रीचं शिवलंय, तीनदा उसवून. "कुठून घेतलंस गं? फार छान बसलंय," म्हणाली. टोमणे कळत नाहीत वाटतं मला!

१५ मार्च
नेमबाजी शिकवणाऱ्या सरांचा नियम — छर्रा सुटला की निशाणाचं कार्ड तारेवरून मागे यायच्या आत तो कुठे लागला ते लिहायचं. "डोळ्यांआधी हाताला कळतं. हाताशी खोटं बोलणारा जन्मभर हौशीच राहतो." मी या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. डॉक्टरांची लेक काहीच लिहीत नाही. कशाला लिहील? तिचं काय अडलंय!

२१ मार्च
मामा टपकला. "शिकूनसवरून बंदूक? हिच्यासमोर उभा कोण राहणार?"
म्हटलं, "तू राहा, मामा. दहाच मीटरवर."
बाबा तोंडात टाचण्या धरून हसले.

२८ मार्च
मिळाली! जागा माझी! सहाशेपैकी पाचशे एकाहत्तर. डॉक्टरांची लेक पाचशे सत्तर.

एक्केचाळिसाव्या छर्ऱ्याला बाईसाहेबांनी चक्क माझ्या कार्डावर मारलं! शेजारच्या! नवशिकी पोरं करतात ही चूक. कार्ड मागे आलं तर दोन भोकं — एक दहा, एक डावीकडचा आठ. पंचांनी मला विचारलं, "यातलं तुझं कोणतं?"
"सांगता येत नाही."
नियम स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या कार्डावर मारणाऱ्याला शून्य. आणि भोक कुणाचं ते ठरत नसेल, तर कार्ड ज्याचं त्याला मोठा आकडा. मला दहा.

नंतर आलीच ती. "सॉरी गं, तुझं कार्ड खराब केलं. मस्त खेळलीस." हरूनसुद्धा दात काढते! हौशी ती हौशीच.

२९ मार्च
बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतायत — "आमची पोरगी आता पगारी नेमबाज!" माप घेताना, बटण लावताना, सुटे पैसे देताना. दुकानात जायचं टाळलं.

३० मार्च
एक अख्खं शून्य खाऊन ती माझ्याहून एकाच गुणाने मागे. एकाच! हे दोन दिवस सुचलंच नाही मला. की सुचू दिलं नाही?

मागचं पान उघडलं. अक्षर माझंच.
"४१ — हात हलला. आठ, डावीकडे."
कार्ड मागे यायच्या आत लिहिलेलं. म्हणजे पंचांनी विचारलं तेव्हा वही माझ्या हातात होती!

सांगता येत नाही म्हणे. एवढी पानं खरडली लोकांना नावं ठेवण्यात, आणि खरं लिहिलं ते या एका ओळीत.

करारावर सही गुरुवारी.

२ एप्रिल
सहीला गेले नाही. त्याआधी ते मागचं पान फाडून पंचांच्या हातात देऊन आले.

पाचशे एकोणसत्तर.