देवमासा जोडायचा आहे

रविवार, ९ मार्च

प्रिय बुटू,

तुझी दोन्ही पत्रं पोचली आणि दोन्ही टेबलावर माझ्याकडे बघत पडून आहेत. उत्तर का दिलं नाही याला सांगण्यासारखं कारण नाही. आजारी नव्हते, कामाने वाकलेही नव्हते. लिहायला बसायचं, अर्धं पान झालं की वाचायचं, आणि फाडायचं, असं चाललं होतं. रागावली असशील तर तो राग माझ्या खात्यावर. फोन करता आला असता. पण फोनवर एक ठरावीक शब्द आला की तू "बरं, ठेवते मग" म्हणतेस. पत्रसुद्धा बाजूला ठेवता येतं, पण ते तिथेच असतं.

इकडे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, छपाईयंत्र त्याहून जास्त. विद्यार्थी उपक्रमांचं आमचं ऑफिस अजून तिथेच, उपाहारगृहाच्या मागच्या दाराला लागून, त्यामुळे माझ्या सगळ्या फायलींना तळणाचा वास येतो. दर सोमवारी पत्रक काढते: नोकरीमेळा, वादविवाद, सुट्टीतल्या प्रशिक्षणाच्या जागा, पोहण्याच्या संघाची निवड. मग मुलं खिडकीशी येऊन तेच विचारतात जे पत्रकात छापलेलं असतं. "मॅडम, शेवटची तारीख काय हो?" तारीख ठळक अक्षरांत असते. "आणि मॅडम, शेवटच्या तारखेनंतर चालेल का?"

तरी या कामाचं मला अजून नवल वाटतं. भिंतीवर एक ओळ लावायची, आणि त्या ओळीने कोणाचं तरी आयुष्य दुसरीकडेच वळतं. हे तुला मी सांगायला नको.

देवमाशाचं सांगते. इतकी वर्षं इथे काम करून मला ठाऊक नव्हतं की प्राणिशास्त्राच्या तळघरात एक देवमासा आहे. म्हणजे हाडं. फार पूर्वी किनाऱ्याला लागला होता. वाळूत पुरला, काही वर्षांनी उकरला, खोक्यांत भरला आणि सगळे विसरले. यंदा त्या विभागात एक नव्या बाई आल्या आहेत. लहानखुऱ्या, आवाज मात्र पटांगणापलीकडे जाईल असा. त्यांनी ठरवलं, सांगाडा जुन्या व्यायामशाळेत छताला टांगायचा, आणि जोडायचा तो विद्यार्थ्यांनी, कुठल्याही शाखेच्या. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "चार ओळी लिहा. पण मुलं येतील अशा लिहा, मागच्या वेळच्या परिसंवादासारख्या नकोत."

मी लिहिलं: देवमासा जोडायचा आहे. कोणीही यावं. अनुभवाची गरज नाही.

"कोणीही विद्यार्थी" असं लिहायला हवं होतं. तो शब्द राहिला. घाईत राहिला की मीच राहू दिला, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे आणि खरं उत्तर अजून सापडलेलं नाही.

मुलं आली, बुटू. मला वाटलं होतं मूठभर येतील. बाहेर चपलांचा ढीग पडला. हिशेबशास्त्राची, संगीताची, यंत्रशाळेतली, आणि कायद्याची एक मुलगी, जी इतकी बोलते की सगळे तिला वकीलसाहेब म्हणतात. खोकी उघडली तेव्हा सगळी वाकून आत बघायला लागली. एकेक मणका स्वयंपाकघरातल्या स्टुलाएवढा. जबड्याचं एक हाड उचलायला मुलांची अख्खी रांग लागली, आणि ते जमिनीवर ठेवल्यावर सगळी त्याच्यापासून एक पाऊल मागे सरली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. हाडांतून अजून तेल झिरपतं. वास समुद्राचाही नाही आणि प्राण्याचाही नाही, जुन्या दिव्यासारखा काहीतरी.

त्याच्या वल्ह्यासारख्या पंखात हात आहे, हे तुला माहीत होतं? तुला असणारच. मला नव्हतं. खांदा, कोपर, मनगट, बोटं, सगळं आपल्यासारखं, फक्त आपल्या दारातून आत न येणारं. वकीलसाहेबांनी आपला पंजा त्या पंजाशेजारी ठेवला आणि दोन्हींची बोटं मोजली. आणि माकडहाडाच्या जागेखाली दोन बारीक हाडं, कशालाच न जोडलेली. बाई म्हणाल्या, "हे पाय होते कधीकाळी. आता कामाचे नाहीत, पण शरीराने टाकलेलेही नाहीत." मी घरी येऊन रोजनिशीत एवढंच लिहू शकले: आज फार मोठं काहीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर बालिश वाटलं. खोडलं नाही.

आता ते लिहिते ज्यासाठी पानं फाडत होते. बाबा येतात तिथे. रोज.

तुला माहीतच आहे, शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात लाल पेन असतं. माझं पत्रक ते रविवारी जेवणानंतर तपासतात. मी घरच्या शांततेसाठी तपासू देते. त्या रविवारी "कोणीही" या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली. मला वाटलं, सापडली चूक.

"कोणीही म्हणजे कोण?"

"म्हणजे कोणीही, बाबा."

"वयाची अट?"

"लिहिलेली नाही."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून व्यायामशाळेच्या दाराशी उभे. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी भिंतीकडे.

तू आत्ता काय म्हणत असशील ते मला ऐकू येतं. पोरीला समुद्रावर जाऊ दिलं नाही आणि आता स्वतः देवमासा जोडतायत. पहिल्या संध्याकाळी मीही मनात अगदी हेच म्हटलं. माझ्या ऑफिसच्या बाहेर ज्या फलकावर मी पत्रक लावते, त्याच फलकावर तू ती सूचना वाचली होतीस: संशोधन बोटीवर एक सत्र. तुझी निवड झाली, बॅग भरली, आणि न सांगता बाबा याच ऑफिसात येऊन म्हणाले की आमची मुलगी येणार नाही. तुला ते बसपाशी पोचल्यावर कळलं. त्यानंतर तू त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितलीस, एकदा म्हणा की माझं चुकलं. ते म्हणाले, "चुकलो असेन तर तुझ्या भल्यासाठी चुकलो." ही माफी नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. आई गेली तेव्हाही तुम्ही दोघं दोन खोल्यांत बसलात आणि मी मधल्या दारात.

म्हणून लिहीत नव्हते. लिहिलं की वाटायचं त्यांची बाजू मांडते आहे, फाडलं की वाटायचं तुझ्यापासून लपवते आहे.

तर, बाबांना शेपटीचं काम मिळालं. शेपटीच्या मणक्यांखाली छोटी छोटी हाडं ओळीने लटकतात, बेचक्यासारखी. ती एका डब्यात मिसळलेली होती. बाबांनी टेबलावर जुनी चादर अंथरली आणि ती हाडं लावली. कशी लावली असतील? उंचीप्रमाणे. सगळ्यांत मोठं पहिलं, मग उतरती ओळ, शेवटी नखाएवढं. आयुष्यभर प्रार्थनेच्या वेळी मुलं उंचीप्रमाणे उभी केलेला माणूस. रांग इतकी सुरेख झाली होती की बाईंनीही मान डोलावली आणि पुढे गेल्या. मुलांनी भोकं पाडली, तारा ओवल्या, मणक्यांना घट्ट केल्या. कितीतरी संध्याकाळी गेल्या त्यात. मुलं त्यांना रांगसर म्हणायला लागली, आणि त्यांना ते आवडलं, जरी "हा काय शब्द आहे" असं म्हणून दाखवलं.

मग एके दिवशी वकीलसाहेब एका जुन्या आकृतीचा कागद घेऊन आली.

"आजोबा, एक विचारू? रागावू नका."

"रागावायचं का ते विचारल्यावर ठरवू."

"यात पहिलं हाड लहान दाखवलंय. मोठी त्याच्या नंतर आहेत."

"पहिलं लहान कसं असेल? ओळ मोठ्यापासून उतरत जाते."

"मी काही म्हणत नाही. देवमाशाचं म्हणणं आहे."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाबांनी कागद घेतला आणि खिडकीपाशी गेले. मी चहाचा थर्मास घेऊन दारात उभी होते. त्यांची पाठ मला दिसत होती आणि ती पाठ मी ओळखते. या पाठीनंतर काय येतं ते तुलाही माहीत आहे: आकृती चुकीची, छापणारे निष्काळजी, आजकालची मुलं. मी थर्मास खाली ठेवला, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून.

ते वळले. शाळेतल्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी जरा इकडे लक्ष द्या." हातोड्या थांबल्या. "शेपटीची हाडं मी उंचीप्रमाणे लावली. मी कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. माझं चुकलं. तुमची मेहनत वाया गेली. आता सगळं सोडवून परत करू."

आणि पकड घेऊन पहिली तार स्वतः कापली.

बुटू, त्या छताखाली आम्ही सांगाड्याचं डोकं यंत्राने वर जाताना पाहिलं आहे. एवढं मोठं डोकं हवेत थरथरत चढलं तेव्हा मुलांचे डोळे भरले होते, माझेही. पण मला खरं हलवलं ते "माझं चुकलं" या दोन शब्दांनी. मी एका रिकाम्या खोक्यावर बसले. आपण दोघी लहानाच्या मोठ्या झालो, आई गेली, आणि ते शब्द त्यांच्या तोंडात होते कुठेतरी. मुलांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. वकीलसाहेब म्हणाली, "जाऊ द्या हो रांगसर, मी तर एक बरगडीच उलटी लावली होती," आणि सगळी कामाला लागली.

हे मी तुला कळवावं की नाही, यावर मी दिवसचे दिवस घालवले. ते शब्द हाडांसाठी होते. तुझ्यासाठी नव्हते. ते परस्पर तुझ्या पत्त्यावर पाठवण्याचा अधिकार मला कोणी दिला? तू म्हणशील, मला हवं होतं ते मला न देता परक्या पोरांना दिलं. तसंही असेल. मला एवढंच कळतं की मी ते ऐकलं आणि तू नाही ऐकलंस, आणि हे मला एकटीने ठेवून घेता येत नाही.

अजून थोडं आहे. तेच सगळ्यात अवघड.

येत्या शनिवारी पाठीचा कणा वर चढवायचा आहे. यंत्राच्या झटक्याने तारा तुटतात, म्हणून कणा दोरांनी, कप्प्यांवरून, हातांनी ओढायचा. प्रत्येक दोरावर माणसांची रांग. कार्यशाळेचे मिस्त्री म्हणाले, बुटकी माणसं पुढे, उंच मागे, म्हणजे दोर वाकडा होत नाही. बाबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते तू पाहायला हवं होतंस. त्यांनी काल सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. या वेळी ते बरोबर होतं.

शेपटीच्या दोरावर ते स्वतः आहेत. त्यांच्या पुढे त्यांनी एक जागा सोडली. मिस्त्री म्हणाले, "सर, सरका पुढे, मध्ये खड्डा पडलाय."

बाबा म्हणाले, "असू दे. एक जण यायचा असेल."

"कोण?"

त्यांनी नाव घेतलं नाही. हाताचा पंजा आडवा धरून स्वतःच्या खांद्याला लावला, किंचित खाली केला, आणि म्हणाले, "एवढी आहे."

मिस्त्री मान हलवून दुसऱ्या दोराकडे गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात मात्र बराच वेळ तिथेच होता, जसा दारावर आपली उंची मोजताना धरायचे तसा.

त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. घरी येताना ते पावाच्या भावाबद्दल बोलत होते. तू आलीस तर ते तुला काय म्हणतील, काही म्हणतील का, हे मला माहीत नाही, आणि मी तुला खोटा दिलासा देणार नाही. कदाचित "दोर नीट धर" एवढंच म्हणतील. तू नाही आलीस तर माझ्याकडून तक्रारीचा एक शब्दही येणार नाही. हे वाचून तू कागद खाली ठेवलास तरी मी तुझीच आहे. पण शनिवारी सकाळी तो कणा जमिनीवरून उठेल, तेव्हा ती जागा मला दिसणार आहे, भरलेली किंवा रिकामी, आणि ती तुला न सांगता मला दिसावी हे मला सहन झालं नसतं.

मधल्या दारातूनच,
तुझी ताई

उद्याचं काम: शेपटीच्या दोरावर बाबांच्या पुढच्या जागी जमिनीवर खडूने खूण करणे, म्हणजे तिथे चुकून दुसरं कोणी उभं राहणार नाही.